मेष्ट्रूंच्या टी-शर्टाची झबली

आमच्या बंगळूरच्या घरमालकिणीने पहिल्या भेटीत आम्हाला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, की हे कुठे नोकरी करतात तेही विचारलं नाही. जागेची चौकशी करायला आम्ही दोघं चामराजपेठेत त्यांच्या ओट्यासमोर उभे होतो. ह्यांच्या अंगात कारखान्याच्या क्रीडा मंडळाचा निळा टी-शर्ट होता. बाई पायऱ्या उतरून खाली आल्या, त्यांनी टी-शर्टाची बाही चिमटीत धरली, अंगठ्याने चोळून पाहिली आणि विचारलं, "हा कधी फाटायचा?"

हे गडबडले. "नवीनच आहे हो," म्हणाले.

"ते दिसतंय की. फाटला म्हणजे बोहारणीला घालायचा नाही. चुलीजवळ फडकं करायचं नाही. मला आणून द्यायचा. सरी असेल तर वरच्या खोल्या तुमच्या. नसेल तर पुढच्या गल्लीत विचारा."

सरी म्हणजे ठीक, एवढं कानडी मला आठवड्याभरात कळलं होतं. मी घाईघाईने मान डोलावली. टी-शर्ट फाटण्याच्या बोलीवर मिळालेलं घर साऱ्या बंगळुरात आमचंच असावं.

ही गोष्ट एकोणीसशे साठच्या जरा अलीकडची. हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून नुकते लागले होते. मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन, लग्न करून आले होते आणि जगातलं बहुतेक सगळं आपल्याला समजतं अशी माझी पक्की समजूत होती. घरमालकीण साठीच्या पुढची विधवा. उंच, काटकुळी, चालताना कायम घाईत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही. त्यांच्या घराण्याने महाराष्ट्र सोडला त्याला तीनशे वर्षं होऊन गेली होती, पण घरात अजून मराठीच चालायची. निम्मी मराठी, निम्मी कानडी. मी त्यांच्या बोलण्याला हसले की त्या म्हणायच्या, "तुझी पुण्याची मराठी नव्या मांजरपाटासारखी कडक आहे गं. स्वल्प पाण्यात भिजव, म्हणजे अंगाला बसेल."

स्वल्प म्हणजे थोडं. अक्कांना सगळं स्वल्पच लागायचं. जेवण स्वल्प, झोप स्वल्प. फक्त जुने कपडे मात्र पोत्याने.

ओट्यावर त्यांचं हाताने फिरवायचं शिलाई मशीन असे आणि बाजूला जुने टी-शर्ट, बनियन, जर्सी यांचा ढीग. विणीचं कापड शिवणं हे साधं काम नाही. ते मशीनखाली ताणतं, सरकतं, कडेने सुरळी होतं. गल्लीच्या टोकाचा शिंपी तर टी-शर्ट दिसला की हात जोडायचा. अक्कांनी यावर आपली युक्ती काढली होती. कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवायची आणि कागदासकट शिवून काढायचं. मग कागद टरकावून टाकायचा. तरी शिवणीत तुकडे राहतच. त्यामुळे अक्कांनी शिवलेला कपडा पहिल्या धुण्यापर्यंत कुरकुर वाजायचा, आणि एखाद्या पोरीच्या फ्रॉकची शिवण उलटून पाहिली तर आत कानडी बातमीचा कोपरा सापडायचा. मी कानडी अक्षरं ओळखायला शिकले ती अशी, लोकांच्या पोरांच्या कपड्यांवरून.

नवं कापड त्यांना वर्ज्य होतं. त्यांच्या घरात नवं कापड शिरतच नसे. स्वतःला लुगडं घेणं भागच पडलं तर ते आधी दुसऱ्याला नेसायला देत. आपल्याकडे नव्या लुगड्याची घडी मोडायला मैत्रिणीला देतात, ती एका दिवसापुरती. अक्कांची घडी महिनाभर मोडायची. आमच्या भाडेकरारात नसलेलं हे कलम माझ्या वाट्याला आलं. मी त्यांची करकरीत नऊवारी नेसून महिनाभर स्वयंपाक करायची, भांडी घासायची, ओट्यावर बसून भाजी निवडायची. मला नऊवारीची सवय नव्हती. हे कारखान्यातून आले की दारातच थबकायचे आणि म्हणायचे, "आज कोणत्या सासूबाई आल्यात?" महिना भरला की अक्का लुगडं परत न्यायच्या, नाकाला लावून पाहायच्या आणि समाधानाने म्हणायच्या, "आता ओळखीचं झालं."

ओट्यावर जुना कपडा घेऊन कोणीही आलं की त्यांचा एकच प्रश्न असे. "यारदु?" म्हणजे, कोणाचा? नुसतं नाव सांगून भागत नसे. माणूस किती वर्षांचा, बायको आहे का, पोरंबाळं सगळी सुखरूप का, हात सैल की घट्ट, अशी सगळी उलटतपासणी व्हायची. मग कपडा उन्हात धरून त्या तो कुठे झिजलाय ते बघत. पोटावर ताणलेला म्हणजे खाणारा. पाठीवर झिजलेला म्हणजे भिंतीला टेकून बसणारा. खांद्यावर झिजलेला म्हणजे ओझं उचललेला माणूस, त्याला मान. ह्यांचा निळा टी-शर्ट दोन वर्षांनी एकदाचा फाटला तेव्हा मी तो मोठ्या अभिमानाने खाली नेला. अक्कांनी उन्हात धरला.

"पोटावर ताणलाय. खांदा कोरा," त्या म्हणाल्या. "चांगलं पोरगं आहे, पण अजून काही उचललं नाही याने."

त्याची त्यांनी भाजीची पिशवी केली आणि ती कोपऱ्यावरच्या हुवडगित्तीला, म्हणजे फुलवालीला देऊन टाकली. कारखान्याच्या नावाची अर्धी अक्षरं त्या पिशवीवर राहिली होती. पुढे बरेच दिवस हे संध्याकाळी कोपऱ्यावरून येताना आपल्या टी-शर्टातून डोकावणारा पडवळ बघत घरी यायचे.

या सगळ्या वर्गवारीत सगळ्यात वरचं आसन होतं झबल्यांचं. आपल्याकडे तान्ह्या मुलाला पहिल्यांदा नवं घालत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं, खूप धुऊन मऊ झालेलं जुनेर घालतात, म्हणजे त्याचं आयुष्य बाळाला लागतं. ही चाल माझ्या माहेरीही होती. पण माझ्या माहेरी ती चाल होती, अक्कांकडे तो कायदा होता. आणि झबल्यासाठी आजीच्या लुगड्यापेक्षा टी-शर्टाचं कापड चांगलं, असं त्यांचं मत होतं. ते ताणतं, टोचत नाही, बाळाचा हात बाहीत घालताना मुरगळत नाही. शिवण त्या बाहेरच्या अंगाने घालायच्या, बाळाला लागू नये म्हणून. झबल्याला वर्तमानपत्र मात्र वापरायच्या नाहीत. बातम्या वाईट असतात म्हणे.

गल्लीतल्या आणि आसपासच्या प्रत्येक बाळंतिणीला अक्कांकडून झबलं जायचं. शिवाय सरकारी हॉस्पिटलात, जिथे गरिबाघरच्या बायका यायच्या, तिथेही त्या पिशवी भरून नेऊन देत. पण झबल्याचं कापड वाटेल त्याचं चालत नसे. माणूस पाऊणशे वर्षांच्या पुढचा हवा, जोडा टिकून हवा, पोटचं एकही मूल गेलेलं नको. अशा कसोटीला उतरणारा माणूस त्या भागात एकच होता. मेष्ट्रू.

मेष्ट्रू म्हणजे मास्तर. लष्कर भागातल्या कुठल्याशा शाळेत ते ड्रिल शिकवायचे. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी पांढरा टी-शर्ट आणि खाकी अर्धी चड्डी घालून रोज पहाटे सायकलने लालबागेत जायचे. ऐंशी उलटलेले, दात शाबूत, बायको शाबूत, चार मुलं आणि नातवंडांची पलटण. अक्का त्यांच्याकडे बघायच्या ते एखाद्या दुभत्या गाईकडे बघावं तसं. मेष्ट्रू सायकलवरून ओट्यासमोरून गेले की अक्का मशीन थांबवून त्यांच्या टी-शर्टाचा गळा बघायच्या आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणायच्या, "आला की गं झिजायला."

मेष्ट्रूंनाही ती नजर समजायची. ते ओट्यासमोर आले की जोरात पायडल मारायचे.

दर काही महिन्यांनी अक्का मेष्ट्रूंच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. त्यांची थोरली सून, गोल चेहऱ्याची, लाजाळू बाई, आतून घडी घातलेले दोन-तीन पांढरे टी-शर्ट आणून द्यायची. अक्का तिथेच उन्हात धरून बघायच्या. एकदा त्यांनी एक परत केला होता म्हणे. "हा त्यांचा नसेल, खांदा झिजलेला नाही," म्हणून. त्यानंतर मात्र एकही परत करावा लागला नाही. मला दाखवायच्या, "बघ, खांदा बघ. केवढं घर उचललंय या माणसाने!"

मी हे सगळं हसण्यावारी न्यायची. पत्रांतून पुण्याला मैत्रिणींना लिहून पाठवायची. मग मला दिवस गेले आणि माझं हसणं थांबलं.

माझं हे दुसरं बाळंतपण. पहिला मुलगा बंगळूरला येण्याआधी पुण्याला झाला आणि आठवड्याभरात गेला. मी ते कोणाला सांगत नसे. ओट्यावर भाजी निवडता निवडता एकदा अक्कांना सांगून टाकलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. शेजारणी अशा वेळी म्हणतात तसं "देवाची मर्जी" वगैरे त्या काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "अंगात काय घातलं होतं त्याच्या?"

मला आठवेना. खरंच आठवेना. एक मावशी नवीन कपडे घेऊन आली होती, एवढं डोळ्यांसमोर येत होतं.

"माझे दोन गेले," अक्का म्हणाल्या. "थोरला बारशानंतर थोड्याच दिवसांत. धाकटा बारशाआधी. माझं सासर चिक्कपेठेतलं कापडवाल्यांचं. आईने माहेरून जुनेराचं गाठोडं पाठवलं होतं, आजोबांच्या धोतराचं. सासूबाई म्हणाल्या, दुकानात ताग्यांवर तागे, आणि आमच्या नातवाला लोकांचं जुनं घालू? नवी मलमल आणली. ते गाठोडं माझ्या उशाशी कोनाड्यात होतं बघ. हात वर केला असता तर मिळालं असतं. दोन्ही वेळा केला नाही. सासूबाईंना भ्यायले."

मी बी.एस्सी. होते. मी त्यांना जंतूंबद्दल सांगितलं, नाळ कापायच्या सुरीबद्दल सांगितलं, तापाबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असतील की जंतू," म्हणाल्या. "नव्या कापडात असतील. हात तर मी वर केला नाही ना?"

आणि खरं सांगायचं तर त्या दिवसापासून माझंही शास्त्र डळमळलं. दुपारी पडल्या पडल्या मी त्या मावशीने आणलेल्या कपड्यांचा रंग आठवायचा प्रयत्न करायची आणि आठवेल की काय म्हणून घाबरायची. अक्कांचं दुःख किती जुनं होतं! नवरा जाऊन, दुकान जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती. तरी ही बाई रोज सकाळी मशीनसमोर बसून तीच एक चूक लोकांच्या मुलांवर निस्तरत होती. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि त्यांच्यावर विश्वासही बसला. दोन्ही एकदमच झालं.

सातव्या महिन्यातच अक्कांनी माझ्यासाठी मेष्ट्रूंच्या टी-शर्टाची दोन झबली शिवून ठेवली. माझी आई आजारी होती, ती येऊ शकणार नव्हती, मी पुण्याला जायचं नाही असं ठरलं होतं. "आई नसली तर नसली," अक्का म्हणाल्या, "मेष्ट्रू आहेत." हे ऐकून ह्यांना हसू आवरेना. पण मी ती झबली उशाजवळ ठेवून झोपायची.

आणि माझे दिवस भरत आले असताना मेष्ट्रू गेले. लालबागेतून आले, सायकल भिंतीला लावली, कॉफी मागितली आणि कॉफी येईपर्यंत खुर्चीतच गेले. सगळे म्हणाले, असं मरण पुण्यवंताला येतं. अक्का मात्र ऐकल्या ऐकल्या जिना चढून माझ्याकडे आल्या, तेही कात्री घेऊन.

"ती झबली दे."

"का?"

"मेलेल्या माणसाचं कापड ते. तान्ह्याच्या अंगाला लागायचं नाही."

"अहो अक्का, दिलं तेव्हा ते जिवंत होते ना?"

"आता नाहीत."

मी झबली छातीशी धरली. मला रडू फुटलं. मी त्यांना म्हटलं की माझ्याकडे दुसरं काही नाही, आता ही फाडलीत तर मी बाळाला काय घालू? मी, बी.एस्सी., दोन वीत कापडासाठी म्हाताऱ्या बाईशी झोंबत होते. हे मध्ये पडले म्हणून त्या दिवशी झबली वाचली. पण अक्का थांबल्या नाहीत. त्या घरोघर निघाल्या. ज्या ज्या घरी झबलं गेलं होतं तिथे जाऊन मेष्ट्रूंच्या टी-शर्टाची झबली परत मागू लागल्या. नारळवाल्याच्या सुनेने झबलं दिलं आणि दार लावून ती रडत बसली. पोस्टमनच्या बायकोने आपल्या जुळ्यांची जपून ठेवलेली झबली दिलीच नाहीत, उलट भांडली. सगळ्या गल्लीत बायका कुजबुजायला लागल्या, मुलांच्या कपाळाला हात लावून बघायला लागल्या. अक्कांचं जेवणखाण सुटलं. नवा कोणी दीर्घायुषी मिळतो का म्हणून त्या पार बसवनगुडीपर्यंत पायी फिरून आल्या. एकाचा मुलगा गेलेला, एकाची बायको गेलेली, एक जण तर टी-शर्ट म्हणजे काय तेच विचारत होता.

असे तीन-चार दिवस गेल्यावर एका सकाळी आमच्या फाटकाशी मेष्ट्रूंची थोरली सून येऊन उभी राहिली. घरात सुतक, म्हणून ती आत येईना. तिथूनच तिने हाक मारली. अक्का ओट्यावर होत्या, मी मधल्या पायरीवर बसले होते. ती कानडीत बोलली. तोवर मला समजण्यापुरतं कानडी येत होतं.

"अक्का, कोणाची झबली घेऊ नका. ते टी-शर्ट आमच्या मामांचे नव्हते."

सासऱ्यांना ती मामा म्हणायची. अक्कांना वाटलं, दुःखाने तिचं डोकं फिरलंय. त्या म्हणाल्या, "अगं, तूच तर दिलेस."

"मीच दिले. पण त्यांचे नव्हते. मामा देतच नव्हते. म्हणायचे, माझं आयुष्य काय प्रसाद आहे का, फाडून वाटायला? जुना झाला की स्वतः सायकल पुसायला घ्यायचे आणि मग जाळून टाकायचे. आणि तुम्ही दारात उभ्या राहिलात की नाही म्हणायची माझी छाती होत नव्हती."

"मग ते कोणाचे?"

सुनेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझा भाऊ बनियनच्या गिरणीत आहे. शिलाई चुकलेला, डाग पडलेला माल त्यांना मिळतो. तो आणून द्यायचा."

"म्हणजे नवे?" अक्कांचा आवाज मला ओळखूच आला नाही.

"नवेच. मी सोड्यात उकळायची, धुण्याच्या दगडावर आपटायची, आठ-आठ दिवस उन्हात टाकायची."

"खांदा झिजलेला होता!"

"विटेने घासायची, अक्का. तुम्ही एक परत केलात ना, तेव्हापासून."

मला हसू आलं. इतकं आलं की पोट धरावं लागलं. भीतीनेच असेल. अक्कांच्या त्या उन्हातल्या परीक्षा, केवढं घर उचललंय या माणसाने, आणि इकडे ही बाई परसात बसून विटेने खांदे घासतेय! पण अक्कांकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. त्या भिंतीला हात टेकून खाली बसल्या होत्या. मला वाटलं, आता या बाईचं काही खरं नाही. आयुष्यभर उभी केलेली एवढी मोठी गोष्ट कोणी तरी एका सकाळी येऊन पाडून टाकली होती.

मग त्यांनी विचारलं, "नारळवाल्याचा नातू?"

"गिरणीचाच."

"पोस्टमनची जुळी? ती तर इवलीशी होती. जगतात की नाही असं झालं होतं."

"त्यांचेही. दोन्ही एकाच टी-शर्टातून निघाले होते."

"आणि मी हॉस्पिटलात नेत होते ते?"

"सगळे, अक्का. पहिल्यापासून." सून आता रडायला लागली होती. "शिव्या द्या मला. पण त्या बायांना भिववू नका. ती नारळवाल्याची सून अंगावर पाजेनाशी झालीय, म्हणून आले मी."

समोरच्या रस्त्यावर पोस्टमनची जुळी टायर पळवत होती. आठ-नऊ वर्षांची झाली असतील, गुडघे फुटलेली, केसांत धूळ. अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. टायर गटारात गेला, त्यावरून दोघांची मारामारी झाली, एकाने दुसऱ्याला लोळवलं. अक्का बघतच होत्या.

"नव्या कापडात वाढली ही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "म्हणजे माझ्या पोरांना मलमलीने नाही गं मारलं. मी हात वर केला नाही म्हणून नाही गेली ती. जायची होती, गेली."

"हो अक्का," मी म्हटलं. पुण्याच्या त्या मावशीने आणलेले कपडे पिवळे होते, हे मला तेव्हा लख्ख आठवलं आणि त्याने काहीही झालं नाही.

अक्का उठल्या, फाटकाशी गेल्या आणि त्यांनी सुनेच्या मनगटाला धरलं.

"आत ये. कॉफी टाकते."

"सुतक आहे, अक्का."

"असू दे की. कॉफीला सुतक नसतं."

त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या. जाता जाता अक्का तिला विचारत होत्या की वीट कोणती वापरलीस, भाजलेली की कच्ची, आणि खांद्याची वीण न तुटता अशी झिजवायची कशी. कारागीर शेवटी कारागीरच. त्याच दुपारी त्यांनी नारळवाल्याच्या सुनेचं झबलं परत नेऊन दिलं आणि तिच्यासमोर बसून ती बाळाला पाजेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

टी-शर्ट शिवणं त्यांनी सोडलं असं मात्र नाही. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाल्या, "कापड मऊ आहे की. मऊपणा काय खोटा होता?" फक्त त्या चौकशा संपल्या. विधवेचा येवो, निपुत्रिकाचा येवो, गिरणीतला कोरा येवो, ढिगावर पडला की पडला. पुढच्या दिवाळीला त्यांनी स्वतःसाठी लुगडं आणलं आणि त्याच दिवशी नेसल्या. दिवसभर त्या नव्या लुगड्यात अवघडून चालत होत्या. मी म्हटलं, "कडक लागतंय का?" त्या म्हणाल्या, "तुझ्या मराठीइतकं नाही."

पण त्याआधी मला मुलगी झाली. त्याच सरकारी हॉस्पिटलात. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आल्या. हातात माझ्या घरून आणलेली ती दोन झबली होती. वॉर्डच्या दारात नर्स त्यांना बघून नेहमीसारखी पिशवी घ्यायला पुढे झाली, तर अक्का तिला बाजूला सारून सरळ आत आल्या. नर्स माझ्याकडे बघून म्हणाली, "आज आत कशा आल्या या? इतकी वर्षं येतात, दारातूनच पिशवी देऊन जातात. एकाही मुलाला कधी हात लावला नाही."

अक्कांनी खाटेच्या कडेला बसून मुलीला मांडीवर घेतलं. मान कशी धरायची हे त्यांना सांगावं लागलं नाही. एक बाही घातली. दुसरी घालताना मुलीने जोरात लाथ झाडली आणि झबलं खाली पडलं. पुन्हा घातलं, पुन्हा लाथ. मी हात पुढे केला तर अक्कांनी तो ढकलून दिला.

"असू दे," त्या हसून म्हणाल्या. "माझा थोरला अस्साच पाय झाडायचा."